बॅचलर म्हणजे तीन पोरांचा बाप

मागच्या अंकात मी शारजातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टबद्दल चार ओळी खरडल्या होत्या, की सकाळी साडेसातला त्या लिफ्टमध्ये फिलिपिनो नर्स, पेशावरचा टॅक्सीवाला, सीरियाची एक शिक्षिका, दोन मल्याळी आणि मी असे सगळे डबे घेऊन उभे असायचो, कोणाच्या डब्यात काय आहे ते वासावरून कळायचं पण चौदा वर्षांत एकमेकांची नावं काही कळली नाहीत. त्यावर एवढे मेल येतील असं वाटलं नव्हतं. काहीजण चिडलेत, काहींना नोकरी पाहिजे, एका काकूंनी तर मुलीसाठी स्थळच विचारलंय (त्यांना वेगळं कळवते). मी २००१ ते २०२४ तिकडे होते, आधी शारजा, मग काही वर्षं दुबई, परत शारजा, एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्सला. अभ्यासक वगैरे नाही, जे बघितलं आणि जे कागदावर आहे ते सांगते.

प्र. ताई, माझं लग्न ठरलंय, नवरा दुबईत असतो. सासूबाई म्हणतात तिकडे कुंकू-मंगळसूत्र चालत नाही, डोकं झाकावं लागतं. खरं आहे का? (एक वाचक, नाशिक)

अगं नाही. टिकली लाव, मंगळसूत्र घाल, साडी नेस नाहीतर जीन्स घाल, कोणी वळूनही बघत नाही. मशिदीत गेलीस तर डोकं झाकायचं, सरकारी ऑफिसात खांदे-गुडघे उघडे नकोत, संपलं. शारजा जरा कडक आहे, तिथे दारू अजिबात मिळत नाही, आणि दुबई रस्त्यापलीकडे, म्हणजे अक्षरशः सिग्नल ओलांडला की नियम बदलतात. देवळाचं म्हणशील तर बर दुबईत १९५८ पासून देऊळ होतं, एका जुन्या दुकानांच्या बोळात वरच्या मजल्यावर, चपला ठेवायला जागा नसायची. जेबेल अलीला मोठं नवीन देऊळ २०२२ च्या दसऱ्याला उघडलं, आणि अबू धाबीचं दगडी मंदिर १४ फेब्रुवारी २०२४ ला, त्याला सात शिखरं आहेत, यूएईतल्या (संयुक्त अरब अमिराती) सात अमिरातींची, म्हणजे संस्थानांची, सात. तेव्हा सासूबाईंना सांग, हळदीकुंकवाची पाकिटं बॅगेत भरू नका, मीना बाजारात सगळं मिळतं, वाण म्हणून द्यायच्या प्लास्टिकच्या डब्यांसकट.

प्र. वाचलं की यूएईत दहातले जवळपास नऊ लोक बाहेरचे. आपल्याकडे परप्रांतीयांवरून केवढं राजकारण होतं. तिथल्या मूळ लोकांना काहीच वाटत नाही का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, वाटतं की. पण ते तुमच्या-माझ्यासमोर बोलत नाहीत, आणि बोलायची गरजही त्यांना फार पडत नाही. आपल्याकडे बाहेरून आलेला माणूस उद्या मतदार होतो, नगरसेवक होतो, ती भीती असते. तिथे बाहेरच्याला मत नाही, नागरिकत्व नाही, नोकरी गेली की व्हिसा कॅन्सल आणि थोड्या दिवसांत विमान. सगळं त्या व्हिसाच्या शिक्क्यावर उभं आहे. पाहुणा कितीही वर्षं राहिला तरी पाहुणाच, हे दोघांनाही माहीत असल्यामुळे भांडण होत नाही आणि त्याच कारणाने मैत्रीही होत नाही. माझी आई एकदा येऊन तीन महिने राहिली होती, ती म्हणाली, इथे शेजार आहे पण घरोबा नाही. आईला दोन आठवड्यात कळलं ते मला दहा वर्षं लागली.

पण त्यांच्या बाजूने बघा. १९६८ च्या मोजणीत त्या सगळ्या किनाऱ्यावर मिळून माणसं होती साधारण १ लाख ८० हजार. आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. मोती काढायचे, खजूर, मासळी, उंट, आणि मोत्यांचं गिऱ्हाईक कुठलं तर मुंबई. १९३० च्या सुमारास जपानी कल्चर्ड मोती आले, वर जगभर मंदी, आणि तो धंदा बसला, म्हाताऱ्या माणसांना ती उपासमारीची वर्षं अजून आठवायची. मग अबू धाबीत १९५८ ला तेल लागलं, दुबईत १९६६ ला, २ डिसेंबर १९७१ ला देश झाला, आणि आता लोकसंख्या एक कोटीच्या घरात. आजी तंबूत नाहीतर बरस्तीच्या, म्हणजे झावळ्यांच्या घरात जन्मली, नात मंगळावरच्या यानाचं काम करते. हे अतिशयोक्ती म्हणून नाही सांगत, त्यांचं यान फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळाच्या कक्षेत खरंच पोचलं आणि त्या मोहिमेच्या विज्ञानाची बाजू सांभाळणारी सारा अल अमीरी ही बाईच होती. त्यांच्या राष्ट्रीय परिषदेत २०१९ पासून चाळीसपैकी वीस जागा बायकांच्या आहेत. (परिषद सल्ला देते, कायदा करत नाही, हेही सांगायला पाहिजे.)

आता एक प्रसंग. २०१५ च्या आसपास, शारजातल्या एका क्लिनिकमध्ये बसले होते, बाजूला एक लोकल आजी, म्हणजे तिथे मूळ अमिरातींना आम्ही लोकलच म्हणतो, तोंडावर तो जुना सोनेरी झाक असलेला बुरखा, हाताला मेंदी, आणि शेजारी बारा-तेरा वर्षांची नात मोबाईलमध्ये डोकं घालून. आजीने माझी टिकली बघितली आणि सरळ हिंदीत विचारलं, "बॉम्बे में बारिश शुरू हुआ?" मी उडालेच. मग कळलं लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला यायची, दवाखान्यासाठी, आणि नंतर नवऱ्याबरोबर नुसता पाऊस बघायला. पूर्वी आखातातले कितीतरी लोक जून-जुलैत खास पाऊस बघायला मुंबईत उतरायचे. तेवढ्यात नर्स आली, ती फिलिपिनो, तिने इंग्रजीत काहीतरी सांगितलं, ते आजीला कळेना, नातीला कळलं पण तिने जे अरबी सांगितलं ते आजीला धड कळेना कारण पोरगी इंग्रजी शाळेतली, अरबी अडखळत, शेवटी मी इंग्रजीचं हिंदी करून आजीला सांगितलं की दोन तास काही खायचं नाही. स्वतःच्या देशात, स्वतःच्या नातीबरोबर असताना त्या बाईला दुभाषी लागला आणि ती दुभाषी कऱ्हाडची. आजी हसत होती, पण नात जरा ओशाळली होती असं मला वाटलं.

हे त्यांना बोचतं. म्हणून तर मग उपाय चालू असतात. १९९२ मध्ये सरकारने मॅरेज फंड काढला, अमिराती मुलाने अमिराती मुलीशी लग्न केलं तर ७० हजार दिरहॅमपर्यंत मदत, कारण एकतर मेहेर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) आणि लग्नाचा खर्च परवडेना, आणि मुलं बाहेरच्या बायका करायला लागली. खासगी कंपन्यांना २०२२ पासून दरवर्षी कुशल जागांमध्ये दोन टक्के लोकल वाढवायचे असा नियम, आमच्या ऑफिसातही तेव्हा एक मुलगी आली, पहिल्या दिवशी सगळे असे अदबीने वागत होते जणू इन्स्पेक्शनच आहे, तिला बिचारीला बाजूच्या टेबलावर कोणी चहाही विचारेना. आणि कपडे बघा. पुरुषांचा पायघोळ पांढरा कंदुरा, बायकांची काळी अबाया हे आता जवळजवळ गणवेशासारखं झालंय, मॉलमध्ये शंभर माणसांत दहा लोकल असतील तर ती दहा लांबून ओळखू यायला नकोत का?

अजून एक, लोकल म्हणजे सगळे एकाच छापाचे असं आपण समजतो. मुळीच नाही. इराणच्या किनाऱ्यावरून आलेले अजमी आहेत, दुबईतली ती वाऱ्याच्या मनोऱ्यांची बस्तकिया वस्ती त्यांचीच, बस्तक गावावरून नाव. बलुची आहेत, पूर्व आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज आहेत, काहींचे आजोबा गुलाम म्हणून आणलेले, झांझिबारहून परत आलेले ओमानी वळणाचे लोक आहेत. आडनाव ऐकलं की त्यांच्या त्यांच्यात सगळं कळतं, आपल्याकडे कळतं तसंच. शाळामास्तरांना हे वेगळं सांगायला नको.

प्र. माझे आजोबा साठच्या दशकात बोटीने दुबईला गेले होते, म्हणायचे तिथे आपले रुपये चालायचे. मित्र म्हणतात थापा. दुसरं, मला एक एजंट व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर नोकरी लावतो म्हणतोय, दीड लाख मागतोय. जाऊ का? (खेड, जि. रत्नागिरी)

आजोबांचं खरं, एजंटचं खोटं.

रुपये चालायचेच. त्या किनाऱ्याचा कारभार ब्रिटिश लोक आधी मुंबई सरकारकडून आणि १८७३ नंतर भारत सरकारकडून बघायचे, दुबईत १९०९ ला पोस्ट ऑफिस उघडलं तेही हिंदुस्थानच्या टपाल खात्याचं, तिकिटं आपलीच. स्वातंत्र्यानंतरसुद्धा रुपया चालू राहिला, पण तिकडून सोनं इकडे चोरून यायचं आणि रुपये तिकडे जायचे, ते परत रिझर्व्ह बँकेच्या दारात येऊन डॉलर-पौंड मागायचे, म्हणून १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, त्याला गल्फ रुपी म्हणायचे. मग जून १९६६ मध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलरला ४.७६ वरून एकदम ७.५० रुपये, आणि तिकडच्या लोकांच्या खिशातले पैसे एका रात्रीत हलके झाले, त्यांचा काय दोष. झालं, एकेकाने रुपया सोडला, ओमानने सगळ्यात शेवटी १९७० ला, आणि यूएईचा दिरहॅम आला १९७३ ला. आजोबांच्या ट्रंकेत तसली लाल नोट राहिली असेल तर जपून ठेव, आता तिला चांगले पैसे येतात. आणि बोटीचं म्हणशील तर मुंबईहून जाणारी शेवटची 'द्वारका' १९८२ पर्यंत चालू होती.

भाषेतही तो माल उतरलेला दिसतो. त्यांच्या बोलीत पंख्याला बंका, सरळला सीदा, बटाट्याला आलू म्हणतात, टॅक्सीत लोकल म्हातारा "सीदा सीदा" म्हणाला की तो हिंदी बोलतोय का अरबी हे त्यालाही सांगता येणार नाही.

आता एजंट. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडे बेकायदेशीर आहे, पकडला गेलास तर दंड आणि परत पाठवणी. कामगार नेण्याचा खर्च मालकाने करायचा असा तिथला कायदा आहे, म्हणजे तो दीड लाख कसले मागतोय ते त्यालाच विचार. आपल्या बाजूने एजंट सरकारकडे नोंदलेला लागतो, त्याचा नंबर सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर सापडतो का बघ. दहावी पास नसशील तर पासपोर्टवर ईसीआर (कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा शेरा) असेल, मग यूएईला कामासाठी जायला एमिग्रेशन क्लिअरन्स लागतोच, आणि हाच भाग चुकवायला हे लोक व्हिजिट व्हिसा पुढे करतात. ऑफर लेटर हातात आल्याशिवाय आजीचे दागिने मोडू नकोस भावा. तुमच्या भागातल्या वाड्यावाड्यांतून दुबई-कुवेत-मस्कतला गेलेले लोक आहेत, घरटी एक म्हटलं तरी चालेल, त्यातल्या कोणाला तरी तिथून चौकशी करायला सांग, फोन फुकट आहे.

प्र. तुमच्या लेखात वैविध्य वैविध्य खूप असतं. उन्हात इमारती बांधणाऱ्या मजुरांबद्दल एक ओळ नाही. तुम्हाला ते दिसले नाहीत की बघायचे नव्हते? (पुणे)

बरोबर आहे तुमचं. पहिली काही वर्षं बघायचे नव्हते, असंच उत्तर आहे.

तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात घर शोधताना बोर्ड वाचला, 'फक्त फॅमिली, बॅचलर चालणार नाही'. मला वाटलं कॉलेजची टगी पोरं असतील. नंतर कळलं की तिकडे बॅचलर म्हणजे ज्याची बायको बरोबर नाही तो. आमचा ऑफिसबॉय, वय ४६, बिहारमध्ये बायको, तीन मुलं, थोरलीचं लग्न झालेलं, तरी बोलण्यात बॅचलर. आणि त्याने बायको आणावी म्हटलं तर फॅमिली व्हिसाला महिना ४ हजार दिरहॅम पगार लागतो, नाहीतर ३ हजार आणि कंपनीचं घर, त्याला मिळायचे १४००. म्हणजे कोण माणूस घरदार असलेला आणि कोण बॅचलर हे पगार ठरवतो. मग अशा बॅचलरांना फॅमिली राहतात त्या गल्ल्यांतून काढायच्या मोहिमा निघतात, एका व्हिलात एकच कुटुंब असा फतवा दुबईत २००८ ला निघाला होता, आणि तक्रार करणाऱ्यांत आपल्यासारखे 'फॅमिलीवाले' भारतीय काही कमी नव्हते. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या फ्लॅटात सात बांगलादेशी राहायला आले तेव्हा वॉचमनकडे कोण गेलं असेल? त्या अर्जावर माझी पण सही आहे.

खांबांवर बेडस्पेसच्या, म्हणजे खोलीत एका खाटेपुरत्या जागेच्या, चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात त्या वाचा कधी, 'फक्त केरळी', 'फक्त फिलिपिनो लेडीज', 'गुजराती व्हेज एक्झिक्युटिव्ह बॅचलर'. तसं २०१५ पासून कायद्याने धर्म, जात, वंश, रंग यावरून भेदभाव हा गुन्हा आहे, हो, जातसुद्धा लिहिलीये त्यात, पण चिठ्ठ्या आहेतच. आणि एकाच कामाला पासपोर्ट बघून पगार हे मी अकाउंट्सला बसून स्वतःच्या हाताने पे-स्लिपवर टाइप केलंय, गोऱ्याचा वेगळा, लेबनीजचा वेगळा, आपला वेगळा, त्याच्या खाली नेपाळी.

मजुरांचे कॅम्प शहराबाहेर. दुबईत त्यातल्या मोठ्या वस्तीला लोक सोनापूर म्हणतात, नाव कोणी ठेवलं देव जाणे. मुंबईच्या माणसाला सोनापूर म्हटलं की स्मशान आठवतं, तिकडे गेल्यावर मला पहिल्यांदा ते ऐकून कसंसंच झालं. पहाटे चार-साडेचारला बसेस निघतात, सगळ्यांची डोकी काचेला टेकलेली, झोपेत. काही सुधारलं का? सुधारलं, खोटं का बोलू. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवावं लागतं, पगार २००९ पासून बँकेमार्फत द्यायला लावले, त्यामुळे थकवला की सरकारला दिसतो, पासपोर्ट मालकाने ठेवणं बेकायदेशीर आहे. पण युनियन काढता येत नाही, संप करता येत नाही, आणि पासपोर्ट 'सेफ्टीसाठी' कपाटात ठेवणारे मालक मी पाहिलेत, त्यातले दोन-तीन तर आपलेच देशी होते. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी शारजाच्या रोला चौकात जाऊन उभं राहिलं की कळतं या देशात पुरुष किती आहेत, हजारोंनी माणसं नुसती गवतावर बसलेली, प्रत्येकाच्या कानाला फोन, व्हिडिओवर पलीकडे एखादं लहान मूल दिसत असतं.

प्र. आता लिव्ह-इन, दारू सगळं कायदेशीर झालं म्हणतात. एवढा बदल लोकांनी कसा पचवला? (ठाणे)

सगळं नाही, पण बरंच. नोव्हेंबर २०२० मध्ये कायदे सैल केले, लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा राहिला नाही, दारू पिण्यावरून शिक्षा काढली. फेब्रुवारी २०२३ पासून मुस्लिमेतरांसाठी लग्न, घटस्फोट, वारसा याचा वेगळा सिव्हिल कायदा आला. अबू धाबीच्या कोर्टात २०१९ पासून अरबी-इंग्रजीबरोबर हिंदीतही अर्ज करता येतो, नोकरीच्या भांडणात मजुराला स्वतःची तक्रार स्वतः वाचता येते, ही मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, पण तिच्याबद्दल कोणी विचारत नाही, सगळे दारूचंच विचारतात.

पचवलं कसं, तर तिकडे लोकांना विचारत नाहीत. वरून येतं. सुट्टीचंच सांगते. मी गेले तेव्हा सरकारी सुट्टी गुरुवार-शुक्रवार, आम्हाला फक्त शुक्रवार. २००६ ला शुक्रवार-शनिवार झाली. मग ७ डिसेंबर २०२१ ला जाहीर झालं की १ जानेवारीपासून शनिवार-रविवार, शुक्रवारी अर्धा दिवस. चार आठवडेसुद्धा नाही दिले! शुक्रवारची सुट्टी मुसलमान देशात हलवायची म्हणजे केवढं, आपल्याकडे रविवारचा सोमवार करून बघा. शारजाने तर शुक्रवार-शनिवार-रविवार तीन दिवस दिले सरकारी लोकांना. आमची सगळी मराठी मंडळी शुक्रवारला बांधलेली, शुक्रवारी मराठीचे वर्ग, शुक्रवारी हळदीकुंकू, शुक्रवारी नाटकाच्या तालमी, आणि एकदम सगळ्यांचं कॅलेंडर इंडियाशी जुळलं, त्यामुळे सासरचे रविवारी सकाळी नऊला व्हिडिओ कॉल करायला लागले, पूर्वी "आमचं ऑफिस असतं हो" म्हणून सुटका व्हायची.

रमजानचंही तसंच. पूर्वी दिवसा हॉटेलांना पडदे लावायला लागायचे, २०२१ पासून दुबईने ते काढलं. पहिल्या वर्षी मीच त्या उघड्या काचेमागे सँडविच खाताना चोरासारखी बसले होते. कारण सरळ आहे, तेल आज आहे उद्या नाही, दुबईचं तर कधीच फार नव्हतं, शहर चालतं ते व्यापार, पर्यटन आणि घरं विकण्यावर, परदेशी माणसाला घर विकत घ्यायला २००२ ला परवानगी दिली, २०१९ ला गोल्डन व्हिसा, म्हणजे लांब मुदतीचा व्हिसा, काढला, आता त्या माणसाने राहावं तर त्याला त्याच्या पद्धतीने जगू द्यायला नको? लोकल लोकांत कुरकुर आहे. घरात आहे, मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीत आहे, बाहेर येत नाही.

प्र. कडक चहा आणि तिकडचा करक एकच का? (लातूर)

एकच, कडकचाच करक झालाय. वेलची जास्त, डब्यातलं इव्हॅपोरेटेड दूध, साखर मरणाची. मल्याळी माणूस करतो, अमिराती माणूस लँडक्रूझरमध्ये बसून हॉर्न वाजवून मागवतो आणि हा आमचा पारंपरिक चहा म्हणतो. हॉर्नचं सोडून सगळं मान्य आहे मला.

प्र. आम्ही शारजात असतो. मुलगी इथेच जन्मली, आता पंधरा वर्षांची आहे. परवा शाळेत 'माझा देश' म्हणून तिने यूएईचा झेंडा काढला, घरी आजोबा चिडले. तिला काय सांगायचं? (शारजा)

आजोबांना सांगा, झेंडा काढला म्हणून काही बिघडत नाही. मुलीला सांगणं अवघड आहे, ते मी केलंय म्हणून माहीत आहे.

तिला खरं ते सांगा, आणि उशीर करू नका. तिथे जन्मून नागरिकत्व मिळत नाही. २०२१ ला कायदा बदलला पण तो निवडक लोकांसाठी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, गुंतवणूकदार, कलावंत, आणि तेही वरून नाव सुचवावं लागतं, अर्ज करून रांगेत उभं राहता येत नाही. मुलीला लग्न होईपर्यंत वडिलांच्या व्हिसावर राहता येतं, मुलगा असेल तर २५ वर्षांपर्यंत, २०२२ च्या आधी तर अठरा झाले की त्याची धावपळ सुरू व्हायची. तिचे बाबा उद्या रिटायर झाले आणि रिटायरमेंट व्हिसाएवढी पुंजी नसेल तर तिचं जन्मगाव तिला व्हिजिट व्हिसावर बघावं लागेल. हे ऐकून ती रडेल. माझा मुलगा रडला नाही, तो तीन दिवस बोललाच नाही, आणि मग विचारलं, "मग आपण इथे काय करत होतो?" मी काय सांगणार, ईएमआय भरत होतो.

तो पुण्याला कॉलेजात आला तेव्हा हॉस्टेलवर त्याला 'ए शेख' म्हणायचे. तिकडे तो इंडियन, इकडे शेख. आता चार वर्षांनी कोणी विचारलं कुठला तर कऱ्हाडचा म्हणतो, कऱ्हाडला तो सलग पंधरा दिवसही राहिलेला नाही, पण घर आहे आणि कोणी व्हिसा मागत नाही, एवढं त्याला पुरतं. डिसेंबरमध्ये त्यांच्या जुन्या शाळेची मुलं ऑनलाइन भेटतात, कॅनडात दोघं, कोचीत तिघं, लाहोरला एक, कैरोला एक, आणि ती सगळी त्याच एका इंग्रजीत बोलतात ज्यात मध्ये मध्ये 'यल्ला' आणि 'खलास' असतं. यांचं गाव कुठलं म्हणाल तर शारजातला एक मैदानाशेजारचा कॅफेटेरिया, तो पण पाडला म्हणे.

मंडळाच्या गणपतीला घेऊन जाताय ना, ते चालू ठेवा, पण तिच्यावर संस्काराचा मारा नको, तिला ढोल वाजवायला द्या, आरतीचे शब्द आपोआप येतात. आणि मृत्युपत्र करा. गंमत नाही करत. तिथे घर किंवा खात्यात पैसे असतील तर मुस्लिमेतरांना आपल्या इच्छेप्रमाणे मृत्युपत्र नोंदवता येतं, दुबईत तशी सोय २०१५ पासून आहे, मुलीचं पालकत्व कोणाकडे तेही त्यात लिहिता येतं. आपले लोक दहा-दहा तोळे सोनं घेतात आणि हे करत नाहीत.

अजून एक, तिचं अरबी सोडू देऊ नका. शाळेत सक्तीचं आहे तोवर मुलं मार्कांपुरतं करतात. तिला बोलायला कोणी लोकल भेटलं तर बघा, शेजारी नसेल तर वाचनालयात, खेळाच्या क्लबात, कुठेतरी. माझ्या मुलाला नऊ वर्षं शिकून दुकानांच्या अरबी पाट्या खाडखाड वाचता येतात, पण पाणी मागायला तो हिंदीच वापरायचा, कारण देणारा मल्याळी असायचा.